जुने मोटरहोम विकण्यापूर्वी इंजिनाचे तापमान कसे तपासावे

फोर्डच्या ६.८ लिटर व्ही-१० पेट्रोल इंजिनाची बरीच जुनी मोटरहोम (आत राहण्याची सोय असलेली वाहने) अमेरिकेत आजही धावत आहेत. असे वाहन विकायला काढल्यावर घाट चढताना इंजिन किती तापते, हे जाणकार ग्राहक विचारणारच. डॅशबोर्डवरचा काटा दाखवून त्याचे समाधान करता येत नाही, कारण तापमान काही अंशांनी वरखाली झाले तरी काटा मधोमध स्थिर राहावा, अशीच रचना अनेक वाहनांत केलेली असते. त्यामुळे स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला (इंजिनाच्या संगणकातली माहिती देणाऱ्या जोडणीला) साधा स्कॅनर जोडून प्रत्यक्ष आकडे पाहावेत.

तपासणीची सुरुवात रात्रभर उभ्या राहिलेल्या, पूर्ण थंड इंजिनापासून करावी. इंजिन सुरू न करता केवळ किल्ली फिरवल्यावर कूलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे) तापमान आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान जवळपास सारखे दिसले पाहिजे. मोठी तफावत असेल तर आधी सेन्सर तपासावा, कारण त्यापुढचा कोणताही आकडा विश्वासार्ह राहत नाही. कूलंटची पातळीही याच वेळी पाहावी, कारण ती कमी असल्यास सेन्सर कूलंटबाहेर उघडा पडून चुकीचा आकडा दाखवू शकतो. रेडिएटरचे झाकण गरम इंजिनावर कधीही उघडू नये. त्याचे रबर कडक झाले असेल तर झाकण निःसंकोच बदलावे, कारण त्याने धरून ठेवलेल्या दाबामुळेच कूलंटचा उत्कलनबिंदू वाढतो.

इंजिन सुरू केल्यावर तापमान संथपणे चढून १९५ फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे ९० सेल्सिअसच्या आसपास स्थिरावले पाहिजे. पुढच्या दोन आसनांमधले इंजिनावरचे झाकण काढून, पट्टा आणि पंख्यापासून हात दूर ठेवून, इन्फ्रारेड थर्मामीटरने थर्मोस्टॅटच्या (कूलंटचा प्रवाह नियंत्रित करणाऱ्या झडपेच्या) आवरणाचे तापमान पडताळावे; मात्र चकचकीत ॲल्युमिनियमवर हे उपकरण खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवते, म्हणून तेथे आधी काळी चिकटपट्टी लावावी.

खरी परीक्षा चढावरच होते. पाण्याच्या टाक्या भरून आणि एसी सुरू ठेवून, लॉस एंजेलिसच्या उत्तरेकडील ग्रेपवाइनसारखा ६ टक्क्यांचा चढ चढावा. तेथे तापमान दहा-पंधरा सेल्सिअसने वाढणे, पंख्याचा मोठा आवाज येणे आणि सपाटीवर आल्यावर आकडा लवकर खाली येणे, हे सर्व स्वाभाविक आहे. आकडा न थांबता वाढतच राहिला तर सुरक्षित जागी थांबावे. उभ्या वाहनात तापणारे इंजिन वाहन वेगाने धावताना थंड होत असेल तर पंख्याच्या क्लचवर (पंखा इंजिनाला जोडणाऱ्या भागावर) संशय घ्यावा, आणि केवळ भाराखाली तापत असेल तर रेडिएटर आतून तुंबला आहे का ते पाहावे. उतारावर तापमान फार घसरत असेल तर थर्मोस्टॅट उघडाच अडकलेला असण्याची शक्यता असते. गळती दिसत नसतानाही कूलंट कमी होत असेल, तर कूलंटमध्ये ज्वलनवायू शिरला आहे का, याची रासायनिक चाचणी अवश्य करावी. त्या चाचणीतला निळा द्रव पिवळा झाला, तर हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांमधले सील) फुटल्याची किंवा हेडला तडा गेल्याची शक्यता असते आणि हे ग्राहकापासून लपवू नये.

प्रत्येक नोंदीसोबत बाहेरचे तापमान आणि वाहनातला भार लिहून ठेवावा. ग्राहक येण्याच्या दिवशी मात्र इंजिन मुळीच सुरू करू नये, म्हणजे त्याला हीच तपासणी थंड इंजिनापासून स्वतः करून पाहता येईल.