टेक्नोवाले जास्त टेन्शनमध्ये की फाईन आर्ट्सवाले? हे मोजायचं कसं

दरवर्षी कोणीतरी डिझर्टेशन घेऊन येतं, की ताई, बडोद्यात युनिव्हर्सिटीच्या वेगवेगळ्या फॅकल्टीतल्या मुलांचं मानसिक आरोग्य कम्पेअर करायचंय, सुरुवात कुठून करू? मी सांगते, कॅलेंडरपासून. प्रश्नावली नंतर. कारण मी स्वतः तिथेच तोंडावर आपटले होते.

झालं असं की मी पीएचक्यू-९ ही डिप्रेशन चाचपायची प्रश्नावली घेतली. नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ मार्क, एकूण २७, आणि १० किंवा वर गेलं की डिप्रेशनची शक्यता धरून पुढे तपासायचं. फुकट आहे, परवानगी लागत नाही, म्हणून सगळे हेच उचलतात. पण त्यातला प्रत्येक प्रश्न ‘गेल्या दोन आठवड्यांत’ काय झालं असा असतो, आणि मी शहाणीने फॉर्म वाटले नवरात्र संपल्यावर तिसऱ्या दिवशी. आता बडोद्याची नवरात्र तुम्हाला माहितीये, नऊ रात्री गरबा, मग मित्रांबरोबर नाश्ता, मग सकाळी कसंबसं लेक्चर, आणि फॉर्म विचारतोय झोप नीट लागते का, थकवा वाटतो का, भूक कशी आहे! सगळ्यांचे आकडे फुगले. एका शाखेचे मात्र कमी आले, तर मी चार दिवस खुशीत, की बघा या विषयाची मुलं किती सुखी. गाईड मॅडमनी फॉर्म चाळले आणि म्हणाल्या, "अगं, ती सुखी नाहीयेत, त्यांचं सबमिशन होतं, ती गरब्याला गेलीच नाहीत." सगळा गठ्ठा बाद.

तर पहिलं काम, प्रत्येक फॅकल्टीत जाऊन नोटीस बोर्डाचा फोटो काढा. टेक्नोच्या, म्हणजे इंजिनिअरिंगवाल्यांच्या, इंटर्नल परीक्षा कधी, फाईन आर्ट्सचा डिस्प्ले कधी, मेडिकलची पोस्टिंग कधी, कॉमर्सचे पेपर कधी. एकाच तारखेला सगळीकडे फॉर्म वाटणं वरवर फेअर वाटतं पण नसतं, एक जण परीक्षेच्या आदल्या दिवशी आणि दुसरा सुट्टीवरून आलेला. त्यापेक्षा दोनदा विचारा, एकदा शांत दिवसांत आणि एकदा ज्या त्या शाखेच्या परीक्षेच्या किंवा डिस्प्लेच्या दोन आठवडे आधी. मेहनत डबल होते, पण विषयाचा ताण आणि तारखेचा ताण वेगळा काढायला याच्याइतकं कामाचं काही नाही.

पीएचक्यूच्या जोडीला डब्ल्यूएचओ-५ घ्या, ती माणूस किती मजेत आहे ते विचारते. डिप्रेशन नसणं म्हणजे मजेत असणं नव्हे ना. पाचच प्रश्न, प्रत्येकी ० ते ५, बेरजेला ४ ने गुणा, १०० पैकी येतं, ५० च्या खाली असेल तर लक्ष द्यायचं. काळजी-घबराट बघायची असेल तर जीएडी-७, आणि बास, याहून जास्त घातलं की मुलं डोळे मिटून टिक करतात.

नुसत्या तोंडी विचारण्यावर विसंबू नका. इथे ‘केम छो’ विचारलं की उत्तर ‘मजामां’ हेच, घरी आग लागली असली तरी. भाषांतर स्वतः घरी बसून करू नका, तयार मिळतं का बघा, आणि आधी दहा-बारा मुलांना वाचून दाखवा. माझ्या पायलटमध्ये, म्हणजे त्या आधीच्या चाचणीत, दांडिया बाजारची एक मुलगी म्हणाली, "ताई, उदास नाही हो, नुसता कंटाळा आलाय," आणि पुढचे दहा मिनिटं ती जे बोलली ते त्या ‘उदास’मध्येच बसत होतं.

विश्लेषणात शाखा बघायच्या आधी मुलगा-मुलगी, वर्ष, हॉस्टेल की घर, हे बघा. एखाद्या वर्गात सत्तर टक्के मुलं आणि दुसऱ्यात सत्तर टक्के मुली असतील तर फरक विषयाचा कुठला. आणि दुसऱ्याच्या आकड्याला आपला आकडा लावताना साधन तेच आहे का बघा. २०१६ साली ‘जामा’ या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात मेडिकलच्या मुलांवरच्या बऱ्याच अभ्यासांची एकत्र बेरीज आली होती, सरासरी २७.२ टक्के डिप्रेशनची लक्षणं, पण कशाने मोजलं त्याप्रमाणे तेच ९.३ पासून ५५.९ पर्यंत हलत होतं.

आता नववा प्रश्न, जीव नकोसा होण्याचा. कोणी तिथे ० सोडून काहीही टिक केलं तर तुम्ही काय करणार हे एथिक्स कमिटीला आधी लिहून द्या. पूर्ण निनावी ठेवलंत तर त्या मुलाला शोधताच येणार नाही, कोड नंबर दिलात तर येईल पण मुलं कमी खरं बोलतील, यात मधला सोपा रस्ता मला सापडला नाही. मी कोड ठेवला, फॉर्म त्याच संध्याकाळी वाचायचे असं ठरवलं, आणि समुपदेशक मॅडमना आधीच सांगून ठेवलं. शिवाय टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा चोवीस तास चालणारा फुकट नंबर वेगळ्या चिठ्ठीवर छापून प्रत्येकाला दिला, फॉर्मवर छापला तर तो फॉर्मबरोबर परतच येतो.

गट छोटा असेल तर वेगळा दाखवू नका. ‘तिसरं वर्ष, सतार, मुलगी, हॉस्टेल’ एवढं लिहिलं की परफॉर्मिंग आर्ट्सच्या कँटीनमध्ये सगळ्यांना नाव कळतं. आणि फॉर्म गोळा करायला वर्गशिक्षकांना अजिबात उभं करू नका, मी बुटाचा एक रिकामा खोका भोक पाडून जिन्याखाली ठेवला होता, त्यात सरांच्या हातात आले होते त्याच्या दुप्पट फॉर्म आले.