मोठी लुअर फेकण्यासाठी लांब, जड रॉड निवडताना

मिनेसोटात नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याने दोन वर्षांपूर्वी सुट्टीवर येताना मस्की नावाच्या माशासाठीचा नऊ फुटी रॉड आणला. तो घेऊन आम्ही बेलापूरजवळच्या दिवाळे गावच्या जेट्टीवर उभे राहिलो, तेव्हा जाळे सांधत बसलेल्या एका कोळी काकांनी हातातले काम न थांबवता विचारले, "ही गळाची काठी हाय का होरीची डोलकाठी?" प्रश्न थट्टेचा होता, पण रास्त होता. ठाणे आणि नवी मुंबईत कृत्रिम आमिषाने, म्हणजे लुअरने, मासे धरण्याची हौस असलेले अनेक जण आता असेच लांब आणि ताकदवान रॉड मागवू लागले आहेत, आणि त्यांतले बरेच जण मासा केवढा मिळेल याचा विचार करून रॉड घेतात. माझ्या मते ही सुरुवातच चुकते. रॉड ठरतो तो आपण फेकणार असलेल्या लुअरच्या वजनावरून आणि ते जिथून फेकायचे त्या जागेवरून. मासा त्यानंतर येतो.

मस्की हा उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्यातला, सव्वा मीटरपर्यंत सहज वाढणारा शिकारी मासा असून तो विस्कॉन्सिनचा राज्यमासा आहे. दहा हजार वेळा गळ टाकावा तेव्हा एक मस्की लागतो, असे तिकडचे लोक म्हणतात. आकडा अतिशयोक्त आहे, पण त्या रॉडची घडण त्यातून उलगडते. दिवसभर शेकडो वेळा शंभर, दोनशे, प्रसंगी साडेचारशे ग्रॅमचे लुअर फेकायचे आणि तरीही खांदा शाबूत ठेवायचा, हे त्या रॉडचे मुख्य काम आहे. पूर्वी तिकडेही साडेपाच-सहा फुटांचे, दांडक्यासारखे ताठ रॉड वापरत. आज आठ ते साडेनऊ फूट ही नेहमीची लांबी झाली आहे.

रॉडच्या मुठीच्या वर बारीक अक्षरांत लुअरच्या वजनाची मर्यादा छापलेली असते, आणि खरेदीत सर्वांत आधी वाचायची ओळ तीच होय. 'हेवी' या शब्दावर मात्र विसंबू नये, कारण त्याचे सर्वमान्य माप नाही. बास या माशासाठी बनवलेला 'हेवी' रॉड साधारण चाळीस ग्रॅमपर्यंतच्या लुअरसाठी असतो, तर मस्कीचा 'हेवी' दोनशे ग्रॅमच्या पुढेही जातो. हा धडा मला पैसे मोजून मिळाला. एका दुकानात "हेवी म्हणजे हेवी, साहेब" या आश्वासनावर मी सात फुटी रॉड घेतला आणि उरणजवळ करंजाच्या बाजूला त्यावर एकशे दहा ग्रॅमचा रबरी मासा बांधला. तिसऱ्या फेकीला टोकापासून हातभर अंतरावर सुकी काटकी मोडावी तसा आवाज झाला, वरचा तुकडा दोरीवरून घसरत पाण्यात गेला आणि लुअर जेमतेम दहा पावलांवर पडले. घरी येऊन भिंगाखाली मुठीवरची अक्षरे वाचली, तेव्हा तिथे दीड औंस लिहिलेले होते. एक औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम, म्हणून दीड औंस म्हणजे ४२ ग्रॅम. मी अडीचपटींहून अधिक भार टाकला होता.

म्हणून खरेदीला निघण्यापूर्वी आपली सगळी लुअर स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर, गळ आणि कड्यांसकट, तोलून घ्यावीत. सर्वांत जड लुअरकडे पाहून रॉड घेण्याचा मोह होतो, पण ज्या वजनाची लुअर आपण दहातल्या आठ वेळा बांधतो ते वजन छापील मर्यादेच्या मध्याजवळ यावे, असा हिशेब मला अधिक सोयीचा वाटतो. समजा रॉडवर तीन ते आठ औंस लिहिले आहे, तर तो ८५ ते २२५ ग्रॅमचा झाला आणि त्याची मजा दीडशे ग्रॅमच्या आसपास येईल. त्यावर तीस ग्रॅमचा छोटा मिनो, म्हणजे बारक्या माशाच्या आकाराचे लुअर, बांधला, तर रॉड वाकणारच नाही आणि न वाकणारा रॉड लुअर लांब फेकूही शकत नाही. आपल्या खाडीत जिताड्यासाठी बहुतेक जण वीस ते साठ ग्रॅमची लुअर वापरतात. त्यांना मस्कीच्या रॉडची गरज नाही, साडेसात-आठ फुटांचा, साठ-सत्तर ग्रॅमपर्यंतचा रॉड पुरतो, हे आधीच स्पष्ट सांगितलेले बरे. शंभर ग्रॅमच्या वरची रबरी किंवा लाकडी लुअर नियमित फेकायची असतील, किंवा नातेवाइकांकडे जाऊन प्रत्यक्ष मस्कीच्याच मागे लागायचे असेल, तरच पुढचा मजकूर उपयोगी पडेल.

वजनाइतकीच महत्त्वाची, पण रॉडवर न छापलेली गोष्ट म्हणजे लुअरची पाण्यातली ओढ. दोन मोठ्या गोल पात्यांचे फिरते लुअर काट्यावर शंभर ग्रॅमच्या आत भरते, पण गुंडाळू लागल्यावर ती पाती पाणी असे कापतात की दुप्पट वजनाचा रबरी मासाही त्यापुढे हलका वाटतो. अशा लुअरसाठी मधल्या भागापर्यंत वाकणारा रॉड घ्यावा, कारण तो ओढ स्वतःकडे घेतो आणि मनगटाला धक्के पोहोचू देत नाही. झटके देत चालवायच्या लाकडी लुअरचे गणित उलटे आहे. तिथे रॉडचे टोक खाली पाण्याच्या दिशेने हाणावे लागते, त्यामुळे सात-साडेसात फुटांचा ताठ रॉडच बरा, नाहीतर प्रत्येक झटक्याला टोक पाण्यावर आपटते.

आता लांबी. मस्की पुष्कळदा लुअरच्या मागेमागे होडीपर्यंत येतो आणि तिथे थबकतो. त्याला चिथावण्यासाठी लुअर बाहेर न काढता, वीतदीड वीत दोरी सोडून, रॉडचे टोक पाण्यात घालून इंग्रजी आठच्या आकड्यासारखी रुंद वळणे घेतात. मोठा मासा अरुंद जागेत वळू शकत नाही, म्हणून वळण जितके मोठे तितके चांगले, आणि मोठ्या वळणाला लांब रॉड लागतो. लांबीचे तिकडचे एक मोठे कारण हे आहे. आपल्या जेट्टीवर त्याचा उपयोग शून्य, कारण उधाणाच्या दिवशी मुंबईच्या किनाऱ्यावर भरती आणि ओहोटी यांतला फरक चार मीटरांहून अधिक असतो आणि ओहोटीला पाणी पायांखाली कुठल्या कुठे गेलेले असते. इथे नऊ फूट कामी येतात ते वेगळ्याच कारणासाठी: जेट्टीच्या खांबांवर आणि भिंतींवर कालवे चिकटलेली असतात, त्यांची धार ताणलेली दोरी क्षणात कापते, आणि लांब रॉडमुळे दोरी त्या भिंतीपासून दूर धरता येते. खारबांधावर, उघाडीच्या, म्हणजे बांधातल्या पाणी सोडण्याच्या दाराच्या, तोंडाशी, पाणी जोरात बाहेर पडत असताना तिवरांच्या फांद्यांवरून दोरी उचलून धरायलाही लांबी उपयोगी पडते.

लांबीची किंमतही मोजावी लागते. तरफेचा नियम सरळ आहे: रॉड जितका लांब, तितके फेकताना टोक वेगाने फिरते, पण मासा लागल्यावर तीच लांबी माशाच्या बाजूने आणि आपल्या कमरेच्या विरुद्ध काम करते. शिवाय साडेनऊ फुटी रॉड डोक्यावर नेला की त्याचे टोक जमिनीपासून साडेचार मीटरांच्या आसपास पोहोचते. कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते, खाडीकाठी जागोजागी उच्चदाबाच्या वाहिन्या आहेत आणि पावसाळ्यात आभाळातली वीज वेगळीच. त्यामुळे उभे राहण्यापूर्वी वर पाहण्याची सवय लावून घ्यावी. ऐरोली-वाशी पट्ट्यातली ठाणे खाडी २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाली आणि २०२२ मध्ये तिला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, तेव्हा त्या हद्दीत गळ टाकायला जाऊ नये. कोळीवाड्यांच्या जेट्ट्यांवर होड्या आणि जाळी यांचा मान पहिला, आपला नंतर.

साडेनऊ फूट की साडेआठ, हे उंचीपेक्षा मुठीवरून ठरवावे. रील हाताच्या तळव्यात घेऊन रॉड पुढे धरला की मागचा दांडा कोपराच्या मागे चार बोटे यायला हवा. दोन्ही हातांनी फेकण्यासाठी रीलपासून मागे ३५ ते ४५ सेंटिमीटर दांडा लागतो. खालचा हात शेवटाला धरून आपल्याकडे ओढतो, वरचा पुढे ढकलतो आणि जोर खांद्याऐवजी कमरेतून निघतो. दांडा याहून लांब असेल तर गुंडाळताना तो प्रत्येक वेळी पोटाला किंवा जॅकेटला अडतो. मग आपले रील लावून, रीलच्या पुढच्या मुठीखाली एक बोट ठेवून तोल पाहावा. टोक फार झुकत असेल, तर तो रॉड दुकानात पाच मिनिटे छान वाटेल आणि पाण्यावर तासाभरात मनगट धरेल.

दुकानदाराची हरकत नसेल तर आणखी एक परीक्षा करावी. अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीत दीडशे मिलिलिटर पाणी ठेवून ती दोरीच्या टोकाला बांधावी, दोरी रॉडवरच्या सगळ्या कड्यांमधून घ्यावी आणि रॉड ४५ अंशांत धरून बाटली हळूच जमिनीपासून उचलावी. वरचा एक तृतीयांश भाग गोलाईने वाकला, तर त्या वजनासाठी रॉड योग्य आहे. टोक नुसतेच मान झुकवून थांबले तर तो फार ताठ, आणि बाक मुठीपर्यंत उतरला तर फार मऊ. मी आमच्या सोसायटीच्या गच्चीवर हा प्रयोग केला तेव्हा शेजारच्या आजी पाण्याच्या टाकीचे काम निघाले म्हणून विचारायला वर आल्या होत्या, पण चार रॉडांपैकी कोणता ठेवायचा हे तिथेच ठरले.

रील आडव्या चकरीचे, म्हणजे बेटकास्टर घ्यावे आणि रॉडही त्याच जातीचा, मुठीखाली बोटासाठी आकडा असलेला पाहावा. उभ्या स्पिनिंग रीलवर दीडशे ग्रॅमचे लुअर फेकताना दोरी तर्जनीवर पेलावी लागते आणि ती बोट कापते. दोरी ऐंशी पाउंडांची, म्हणजे सुमारे ३६ किलो ताण सोसणारी विणीव ब्रेड असावी. एवढा मासा कुठे लागणार, हा प्रश्न इथे गैरलागू आहे, कारण दोरीची खरी कसोटी फेकताना लागते: चकरीवर गुंता झाला की जड लुअर हवेत हिसका देते, पातळ दोरी तटकन तुटते आणि गळांचे झुंबर लावलेला दगड जेट्टीवरच्या माणसांच्या दिशेने निघतो. पुढच्या लीडरचे, म्हणजे दोरी आणि लुअर यांच्यामध्ये जोडायच्या मजबूत तुकड्याचे, मात्र माशाप्रमाणे ठरवावे. मस्कीचे दात सुरीसारखे असल्याने तिथे पोलादी तार किंवा शंभर पाउंडांहून जाड फ्लुरोकार्बन लावतात. जिताड्याचे दात पॉलिश पेपरसारखे खरखरीत आणि कल्ल्याची कड धारदार, म्हणून आपल्याकडे जाड मोनो, म्हणजे एकपदरी नायलॉनची दोरी, किंवा फ्लुरोकार्बन पुरते.

अमेरिकेहून आलेल्या रॉडबद्दल एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही: तो गोड्या पाण्यासाठी बनवलेला असतो. आपल्या खाडीचे खारे पाणी कड्यांच्या चौकटीला आणि रीलच्या बेअरिंगला काही आठवड्यांत गंज चढवते. कड्यांच्या चौकटी टायटॅनियमच्या किंवा चांगल्या प्रतीच्या स्टेनलेस स्टीलच्या असल्या तर उत्तम. नसल्या तर घरी आल्याबरोबर, चहाच्याही आधी, रॉड आणि रील गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धुऊन कोरडे करावे.

नऊ फूट म्हणजे २७४ सेंटिमीटर. अखंड रॉड इमारतीच्या लिफ्टमध्ये उभा राहत नाही आणि ठाणे-वाशी लोकलमध्ये तो घेऊन चढणे म्हणजे डब्यातल्या प्रत्येकाची क्षमा मागणे. दोन तुकड्यांचा रॉड १४० सेंटिमीटरांच्या आसपास येतो आणि रिक्षात तिरपा मावतो; काही मस्की रॉडांचा फक्त मागचा दांडा आत सरकतो, त्याने हातभर लांबी वाचते, पण लिफ्टचा प्रश्न सुटेलच असे नाही. दोन तुकड्यांमुळे रॉड कमजोर होतो ही समजूत जुनी आहे. सांधा घट्ट बसला असेल आणि दिवसातून दोनतीनदा तपासला, तर मी तरी फरक अनुभवलेला नाही.

जुना रॉड घेत असाल, तर कापसाचा बोळा प्रत्येक कडीतून फिरवावा. कडीतल्या चिनी मातीच्या रिंगणाला डोळ्यांना न दिसणारी चीर असेल, तर कापसाचा तंतू तिथे अडकून राहतो, आणि तीच चीर ब्रेड कापते. मग रॉडच्या नळीवरून नख हळूहळू खालपासून वरपर्यंत न्यावे. जिथे खाच लागेल तिथे कधीतरी जड लुअर आपटलेले असते आणि रॉड मोडतो तो बहुधा तिथेच. माझ्या मोडलेल्या रॉडचा खालचा तुकडा मी ठेवला आहे. सध्या त्यावर गच्चीतला कारल्याचा वेल चढला आहे.