लाइटवाला गेमिंग कीबोर्ड-माउस घेताय? आधी हे बघा

सोलापूरच्या नवी पेठेत दुकानदार पहिलं काय करतो, तर लाइट लावून दाखवतो, आणि आपण तिथंच फसतो बे. स्वस्त सेटमध्ये बहुतेक वेळा रंग फिक्स असतात, डावीकडं लाल उजवीकडं निळा, बदलत नाहीत, म्हणून रंग बदलून दाखवा म्हणायचं आणि लाइट पूर्ण बंद होते का तेपण बघायचं, रात्री घरचे झोपल्यावर कळतं ते किती कामाचं आहे.

मग नोटपॅड उघडून चार-पाच अक्षरं एकदम दाबा, सगळी उमटली तर ठीक, एखादं गायब झालं तर गेममध्ये पळता पळता उडी बसणार नाही.

मेकॅनिकल, म्हणजे प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच असलेला कीबोर्ड घेत असाल तर ब्लू स्विच टकटक वाजतो, रेड शांत. बजेट कमी असेल तर मेम्ब्रेन, म्हणजे बटणांखाली रबराची शीट असलेला, तोपण चालतो की.

माउसचा डीपीआय, म्हणजे माउस हलवल्यावर कर्सर किती पळतो तो आकडा, १६००पर्यंत भरपूर झाला, मोठ्या आकड्याला भुलू नका, हातात धरून बघा, तळहात नीट टेकला पाहिजे.

आणि बटणं उपसून निघणारी घ्या. माझ्या एंटरखाली शेंगाचटणी गेली, तेलानं बटण चिकटलं ते चिकटलंच.