विज्ञानकथेचं कॉमिक: २४ पानांत पात्रं आणि गोष्ट कशी बसवायची

पहिलंवहिलं कॉमिक करायला घेतलेल्यांच्या वह्यांत बहुतेक वेळा काल्पनिक ग्रहांचे नकाशे, राजघराण्यांच्या वंशावळी आणि नायकाची डझनावारी चित्रं सापडतात. पूर्ण झालेलं पान मात्र एकही नसतं. म्हणून आधी पानं मोजायची. पिन मारलेल्या पुस्तिकेची पानं चारच्या पटीत लागतात. सुरुवातीला २४ पानं पुरेत, मुखपृष्ठ वेगळं. पानाला सरासरी ५ चौकटी धरल्या तर १२० चौकटी हातात येतात. पात्रं, त्यांचे कपडे, यंत्रं, विज्ञानाचं स्पष्टीकरण, सगळं या १२० चौकटींतूनच भागवायचं असतं. ‘आधी गोष्ट की आधी पात्रं’ हा वाद इथेच बराचसा मिटतो, कारण खर्च दोन्हीकडे सारखाच पडतो.

विज्ञानकथेत एकच थाप मारायची मुभा असते, बाकी सगळं खरं ठेवायचं. उदाहरणासाठी नारायणगावचा परिसर घेऊ. जवळच खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे: प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, त्यांतल्या १४ मध्यभागी दाटीने आणि उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन भुजांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत विखुरलेल्या. त्याच नारायणगावात जत्रांच्या हंगामात तमाशाच्या राहुट्या लागतात आणि गावोगावची मंडळी सुपारी द्यायला येतात. आता थाप: पश्चिम भुजेच्या टोकाच्या अँटेनाला तमाशाच्या वायरलेस माइकचा आवाज आदल्या दिवशीच ऐकू येऊ लागला.

ही जागा निवडण्यामागे कारण आहे. वायरलेस माइक बरेचदा ५०० ते ७०० मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात, आणि ही दुर्बीण ज्या लहरी टिपते त्यांचा एक पट्टा ५५० ते ८५० मेगाहर्ट्झचा आहे. अँटेनाच्या थाळीचं तोंड आभाळाकडे असलं तरी जवळचं प्रक्षेपण बाजूने आत शिरतंच; खगोलशास्त्रज्ञांची ती रोजची डोकेदुखी आहे. साधा ॲनालॉग माइक एफएमवर बोलतो, त्यामुळे नोंदीतून आवाज सोडवून घेणंही पटतं. थाप सोडली तर प्रत्येक दुवा भक्कम आहे, आणि वाचक थाप गिळतो तो या दुव्यांच्या भरवशावर.

थापेचे नियम तीन ओळींत लिहून भिंतीवर चिकटवा. फक्त माइकचा आवाज येतो, चित्र नाही. बरोब्बर २४ तास आधी येतो. एकाच अँटेनात येतो. शेवट जमेना की चौथा नियम जोडायचा मोह होतो. तिथे बहुतेक कथा फसतात: नायिका अडकली की अँटेना अचानक संदेश पाठवूही लागते, आणि मागची वीस पानं फुकट जातात.

नियम कोणाला जाचतील, यावरून पात्रं ठरवायची. सुलभा, ५२ वर्षांची, अँटेनाच्या देखभालीवरची तंत्रज्ञ. निवृत्तीला आठ महिने उरलेत, नोंदवहीत भलतंसलतं काही लिहून चौकशी ओढवून घ्यायची नाही. चंदू, १९ वर्षांचा, फडाचा साउंडवाला, मालकाला न सांगता दुसरा माइक वापरणारा. एकीला आवाज ऐकू येतो पण सांगायचं नाही, दुसऱ्याला आवाजाचा उगम ठाऊक आहे पण कबूल करायचा नाही. दोघांना समोरासमोर उभं केलं की संवाद सुचायला लागतात. ती त्याला ‘चंद्या’ म्हणेल, तो तिला ‘मावशी’. एवढ्याने नातं कळतं, त्यासाठी वेगळी चौकट लागत नाही. नावांची पहिली अक्षरं वेगळी ठेवा. सुलभा आणि सुनंदा एकाच पानावर आल्या की वाचक मागे पानं चाळू लागतो.

आता चित्रं. ए-फाइव्ह पानावर १२० मिलिमीटर रुंद चौकटभर एक थाळी काढली, तर तिच्याशेजारी उभी असलेली १६० सेंटिमीटरची सुलभा जेमतेम ४ मिलिमीटर होते. त्यात चेहरा नाही, डोळे नाहीत. तरी ती सुलभाच आहे हे कळायला हवं. म्हणून प्रत्येक पात्र आधी काळ्या शाईने भरून ४ मिलिमीटर उंचीत काढून बघा. बुटकी, रुंद, हेल्मेट, कमरेला सुरक्षा पट्टा: सुलभा. काटकुळा, उंच, खांद्यावर वायरचं वेटोळं: चंदू. दोन्ही ठिपके वेगळे ओळखू येत नसतील तर चेहऱ्यावर मेहनत करण्यात अर्थ नाही. हा प्रश्न खऱ्या अंतराळवीरांनाही आला होता. पहिल्या चांद्रमोहिमांच्या फोटोंत कोण आल्ड्रिन आणि कोण आर्मस्ट्राँग हे सूटवरून कळेना, म्हणून अपोलो १३ पासून कमांडरच्या सूटवर लाल पट्टे आले. तुमच्या कथेत हेल्मेटधारी पात्रं असतील तर हा उपाय बिनदिक्कत उचला.

पात्राचा तक्ता एका पानाचा असावा: समोरून, पाऊण वळून, बाजूने, पाठीमागून. सगळी पात्रं एकाच जमीनरेषेवर शेजारी शेजारी, म्हणजे उंची डळमळत नाही. हावभाव सहा पुरतात, पण ‘आनंद, राग, दुःख’ असे छापील नकोत, गोष्टीतले घ्या. ‘ऐकतेय, विश्वास बसत नाही’, ‘खोटं बोलतोय आणि पकडला गेलोय’. सुलभा किमान ७० चौकटींत येणार, म्हणजे तिच्या शर्टाचा प्रत्येक जास्तीचा खिसा ७० वेळा काढावा लागेल. नक्षीदार चिलखतं आणि सतरा पट्ट्यांचे बूट पाचव्या पानानंतर आपोआप गळतात, ते यामुळे. वय दाखवताना सुरकुत्यांवर भिस्त नको. छोट्या चौकटीत त्या घाणीसारख्या दिसतात. खांद्यांचा उतार, मान आणि उठण्या-बसण्याची ढब यांतून वय जास्त नीट कळतं.

थाळी तारांच्या जाळीची असते, आणि ही जाळी या कथेतली सगळ्यात त्रासदायक गोष्ट. ए-फोरवर काढून ए-फाइव्हवर छापलं की सगळं सुमारे ७१ टक्के होतं. १ मिलिमीटर अंतरावरच्या रेघा ०.७ वर येतात आणि शाई पसरली की काळा डाग उरतो. मुख्य सांगाडा रेघांनी काढा, जाळी फिकट करड्या छटेने सुचवा, आणि जाळीतून आभाळ दिसतं हे विसरू नका.

गोष्ट मांडताना आधी २४ छोटे चौकोन एका कागदावर काढा, प्रत्येकात एक ओळ. पहिलं पान उजवीकडे येतं, म्हणजे विषम पानं उजवीकडे, सम पानं डावीकडे. प्रश्न विषम पानाच्या शेवटच्या चौकटीत, उत्तर उलटल्यावर सम पानाच्या पहिल्या चौकटीत. पान ७ च्या तळाशी सुलभा हेडफोन लावते. पान ८ उघडताच कळतं की उद्याचा वग मध्येच तुटतोय. धक्का पान ९ वर ठेवला तर ८ वाचतानाच नजर शेजारी जाते आणि मजा संपते.

वग का तुटतो? सुलभा इशारा देते, फडमालक खेळ थांबवतो, आणि म्हणूनच आवाज तुटला होता. हा शेवट सराईत वाचकाला पान १२ लाच सुचेल. त्यामुळे तो शेवटाला राखू नका, पान १७-१८ मध्ये उरकून टाका. उरलेली सहा पानं खऱ्या प्रश्नाला द्या: आजच्या रात्री अँटेनात काहीच आवाज नाही, मग उद्या काय होणार आहे? आणि सुलभा ते नोंदवहीत लिहिणार का?

कच्ची चित्रं झाली की संवादांचे फुगे कोरे ठेवून कोणाला तरी दाखवा आणि गोष्ट सांगायला लावा. सांगणारा जिथे अडखळतो, तिथे बहुधा जागा दाखवणारी लांबची चौकट राहिलेली असते.

आवाजावर बेतलेली गोष्ट मुक्या कागदावर सांगायची तर फुग्यांचे प्रकार सुरुवातीलाच ठरवा. साधं बोलणं अखंड रेघेत, लाउडस्पीकर दातेरी कडेत, उद्याचा आवाज तुटक रेघेत आणि बिनशेपटीचा. मग ‘आदल्या दिवशी’ असं सारखं लिहावं लागत नाही. एका फुग्यात २० शब्दांच्या वर जाऊ नका. विज्ञान समजावणारं पात्र एकाच चौकटीत तीन फुगे बोलत असेल तर त्याला काहीतरी कामाला लावा, बोल्ट आवळताना बोलू दे.

मराठी लेटरिंगसाठी, म्हणजे फुग्यांतल्या अक्षरांसाठी, अमेरिकन कॉमिकची मापं चालत नाहीत. तिथे सगळी अक्षरं कॅपिटल, वरखाली काही लोंबत नाही, ओळी चिकटून बसतात. आपल्याकडे वर वेलांट्या, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. ओळींतलं अंतर अक्षराच्या आकाराच्या दीडपट धरा, आणि फुग्याची जागा पेन्सिलच्या वेळीच सोडा. नंतर टाकलेला फुगा हमखास कोणाच्या तरी कपाळावर बसतो. छापील अक्षर ९ पॉइंटचं हवं, म्हणजे ए-फोर मुळावर पावणेतेरा. मुक्त किंवा बलू २ सारखे युनिकोड फॉन्ट घ्या. फोटोशॉपमध्ये भारतीय लिप्यांची मांडणी सुरू केली नसेल तर ‘कि’ची वेलांटी ‘क’च्या उजवीकडे जाऊन पडते आणि जोडाक्षरं सुटी होतात. लेटरिंग इंकस्केपमध्ये केलं तर ही कटकट येत नाही.

छपाईची फाइल ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), नुसतं रेखाकाम असेल तर ६००. चारही बाजूंना ३ मिलिमीटर जास्तीची कड, आणि कापाच्या रेघेपासून ५ मिलिमीटर आत एकही फुगा येऊ देऊ नका. अक्षरांचा काळा रंग फक्त काळ्या शाईचा ठेवा. चार रंगांतून बनवलेला काळा छपाईत जरासा सरकला तरी रफाराला गुलाबी सावली येते.