मुलांबरोबर सुपरहिरोंवर वाद घालायचाय? मग असा घाला

आमच्याकडे इंदूरला सुट्टीत रविवारी सकाळी बिल्डिंगमधली आठ-नऊ पोरं माझ्या हॉलमध्ये येऊन बसतात, वय नऊ ते चौदा, घरी मराठी, भांडायला लागली की हिंदी. सुरुवात अशी झाली की माझी भाची आणि वरच्या मजल्यावरचा मुलगा सुपरमॅन मोठा की बॅटमॅन यावरून तासभर ओरडत होते आणि मला दुपारची झोप घ्यायची होती. मग म्हटलं ओरडायचंच आहे तर जरा कामाच्या प्रश्नावर ओरडा. आता दोन उन्हाळे झाले, काय जमतं काय नाही ते कळलंय, म्हणून लिहितेय.

पहिला नियम, "कोण जिंकेल" हा प्रश्न बंद. त्याचं उत्तर त्या अंकाचा लेखक ठरवतो, त्यात विचार करण्यासारखं काही नाही. दुसरं, सिनेमा लावू नका. पिक्चरमध्ये पोरं मारामारीत हरवतात, कॉमिकचं पान कसं समोर पडून राहतं, बोट ठेवून "इथे थांबा" म्हणता येतं. आणि हे थांबणं हीच खरी युक्ती आहे.

सुरुवात स्पायडरमॅनच्या अगदी पहिल्या गोष्टीपासून करा, 1962 ची, लेखक स्टॅन ली आणि चित्रकार स्टीव्ह डिट्को यांची, जेमतेम 11 पानांची. पीटरला, म्हणजे स्पायडरमॅन होणाऱ्या पोराला, नुकतीच ताकद मिळालीय, टीव्हीवर कमाई सुरू आहे, स्टुडिओत एक चोर पळत येतो, मागून गार्ड ओरडतो अडवा त्याला, आणि पीटर नुसता उभा राहतो, चोर लिफ्टमध्ये शिरतो, संपलं. इथे पान झाका. पुढचं अजिबात सांगू नका, ज्याला गोष्ट माहीत आहे त्याला आधीच दम देऊन ठेवा. आणि विचारा, पीटर चुकला का?

आमच्याकडे जवळजवळ सगळे म्हणाले नाही. "त्याची काय ड्युटी आहे का?" "गार्डला पगार मिळतो ना." एकजण म्हणाला चोराकडे चाकू असला तर? बरोबरच आहे की, आपण तरी सराफ्याच्या गर्दीत कोणाचं पाकीट मारून पळणाऱ्याला किती वेळा धरायला गेलोय. पाच-दहा मिनिटं बोलू द्या. मग पान उघडा. तोच चोर पुढे पीटरच्या काकांना जिवे मारतो. आता परत विचारा.

सगळ्या पोरांचं मत एका मिनिटात फिरलं! आणि इथेच त्यांना पकडायचं, की अरे पीटरने तेव्हा जे केलं ते तर तेच राहिलं, तसूभरही बदललं नाही, मग आधी निर्दोष आणि आता दोषी कसा? तो चोर पुढे जाऊन नुसता एखादा फ्रीज चोरून गेला असता तर पीटर चांगला मुलगा राहिला असता का? बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या दोन तत्त्वज्ञांनी 1976 मध्ये नेमक्या याच कोड्यावर लिहिलं होतं, मराठीत नैतिक नशीब म्हणा, म्हणजे आपल्या हातात नसलेल्या परिणामावरून लोक आपल्याला चांगलं-वाईट ठरवतात ते. पोरांना नावं सांगायची गरज नाही, तुम्हाला माहीत असू द्या म्हणजे झालं. आणि हो, मोठी ताकद मोठी जबाबदारी ते वाक्य या पहिल्या गोष्टीत काका बोलतच नाहीत, शेवटच्या चौकटीत निवेदनात येतं. पीटरला आधी कोणी बजावलेलं नव्हतं. हे कळल्यावर माझी भाची म्हणाली, "मावशी, मग त्याला कळणार कसं होतं?" त्यावर अजून अर्धा तास गेला.

दुसऱ्या रविवारी अधिकाराचा प्रश्न घ्या. 1938 च्या पहिल्याच अंकात सुपरमॅन रात्री गव्हर्नरच्या घराचं दार तोडून आत जातो, कारण एका निर्दोष बाईला विजेच्या खुर्चीत मृत्युदंड होणार असतो. काम चांगलं, पण दार तोडायची परवानगी कोणी दिली? आमच्या पोरांना लगेच डोगा आठवला. राज कॉमिक्स या हिंदी कॉमिक्सचा डोगा मुंबईत गुंडांना सरळ उडवतो, आणि त्याच राज कॉमिक्सचा ध्रुव कोणाचाही जीव घेत नाही, त्यामुळे इंदूरच्या पोरांसाठी ही जोडी अमेरिकन उदाहरणांपेक्षा भारी चालते. मी मध्येच अहिल्यादेवींची ती आख्यायिका टाकली, मुलाच्या रथाखाली वासरू मेलं म्हणून त्याला तसंच रथाखाली मारायची शिक्षा द्यायला निघाल्या आणि गाय आडवी आली, म्हणून इंदूरच्या त्या भागाचं नाव आडा बाजार. दंतकथाच आहे ती. पण फरक बघा, त्या गादीवर होत्या, न्याय करणं हे त्यांचं कामच होतं, डोगाला कोणी नेमलंय?

बॅटमॅन त्याच्या कट्टर शत्रूला, जोकरला, ठार का मारत नाही हा प्रश्न येणारच, त्यावर जास्त वेळ घालवू नका, सगळे घोकलेली उत्तरं देतात. आमच्याकडे एकच नवीन मुद्दा निघाला, अकरा वर्षांची मुलगी म्हणाली, "पण जोकर दर वेळी पळतोच कसा, त्या जेलचं कुलूप कोण बदलत नाही?" म्हणजे बॅटमॅनला सोडा, शहराला विचारा.

मोठी माणसं लांब ठेवा. एकदा एक आजोबा पोह्यांवर जीरावण मसाला टाकता टाकता गीतेवर सुरू झाले, पोरं गप्प ती गप्पच.

आणि शेवटचा रविवार मतदानाचा. 1988 मध्ये बॅटमॅनच्या अंकात त्याचा पोरसवदा साथीदार रॉबिन (त्या नावाचा दुसरा, जेसन टॉड) स्फोटात सापडला आणि मागे दोन फोन नंबर छापले, एक तो जगावा म्हणून, एक मरावा म्हणून, फोनला 50 सेंट. 5,343 लोकांनी मारा म्हटलं, 5,271 नी वाचवा. 72 मतांनी पोरगा गेला. आकडे आधी सांगू नका, नुसतं सांगा की रॉबिन आगाऊ आहे, ऐकत नाही, तुम्ही ठरवा, आणि स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकायला लावा. आमच्याकडे सहा चिठ्ठ्या मरावा, तीन जगावा, काहीजण तर हसत हसत टाकत होते. मग मी पुढचं पान दाखवलं, बॅटमॅन त्याला उचलून आणतो ते.

कुलूपवाली मुलगी उठली आणि म्हणाली काकू, माझी चिठ्ठी परत द्या. मी म्हटलं तेव्हाही कोणाला फोन परत घेता आला नव्हता, आणि डबा वर ठेवला. चार दिवस झाले, जिन्यात भेटली तरी नीट बोलत नाहीये.