मूव्हर्सने जादा पैशांसाठी सामान अडवलं, ते असं सुटलं

बंगळूरहून कोथरूडला येणारं सामान मूव्हर्सने वाघोलीच्या गोडाऊनमध्ये अडवलं. म्हणे माल जास्त निघाला, वरचे पैसे भरा. फोनवर नुसती टोलवाटोलवी. जीव टांगणीला लागला होता.

आधी बिल्टीचा, म्हणजे मालवाहतुकीच्या कागदाचा, नंबर लेखी मागितला. मग कोटेशनची यादी आणि पॅकिंगच्या दिवशी सही झालेली यादी ओळीने ताडली: फ्रिज, दिवाण, पुस्तकांचे खोके, सगळं तेच. दोन्हींचे फोटो जोडून, ठरल्या रकमेत डिलिव्हरीची मुदत घालणारा ईमेल केला. त्यानंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून तिचा नंबर त्याच ईमेलखाली पाठवला. गाडी आली, जादा पैसे न देता.

पावतीवर सही करण्याआधी कपाटाचा फुटलेला आरसा तिच्यावरच लिहून घेतला. नुकसानीसाठी दावा लावायचा तर रस्ते वाहतूक कायदा, २००७ नुसार बुकिंगपासून १८० दिवसांत वाहतूकदाराला लेखी नोटीस द्यावी लागते.