बिडाच्या जुन्या कठड्याचा तुटलेला तुकडा नव्याने ओतताना

व्हिक्टोरियन काळातल्या ब्रिटिश कठड्याचा एखादा भाग तुटला की तोच तुकडा वाळूत दाबून ठसा घ्यायचा नमुना म्हणून वापरायचा मोह होतो. नक्षी हुबेहूब उतरते, पण माप चुकते. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना फुटामागे साधारण 1/8 इंच आकसते. त्यामुळे 3 फुटी कठड्याची प्रत 3/8 इंच आखूड होते आणि बोल्टची भोके जुळत नाहीत. म्हणून तेवढी वाढ धरून लाकडाचा नवा पॅटर्न (ठसा घ्यायचा नमुना) करावा. त्या काळचे पॅटर्न-कारागीर यासाठी आकसण्याइतकी वाढ आधीच धरलेली खास पट्टी वापरत. वारंवार लागणाऱ्या नक्षीसाठी लोखंडी पॅटर्न ठेवायचा, तर मूळ लाकडी पॅटर्नमध्ये दुप्पट वाढ धरावी लागे, कारण आकसणे दोनदा होते.

पॅटर्न करण्याआधी तुकड्याची मागची बाजू नीट पाहा. तिथे चौकट उभी करून केलेल्या हिऱ्याच्या आकाराची खूण असेल, तर ते डिझाइन 1842 ते 1883 दरम्यान नोंदलेले आहे. वरच्या वर्तुळातला रोमन एक म्हणजे धातूचा वर्ग. 1884 पासून या खुणेऐवजी नोंदणीचा अनुक्रमांक येतो. ही तारीख डिझाइनची, ओतकामाची नव्हे. कोलब्रुकडेल किंवा ग्लासगोच्या सॅरासेन फाउंड्रीसारख्या कारखान्यांनी छापील कॅटलॉग काढले होते. त्यात नग सापडला तर झिजलेल्या नक्षीचा मूळ आकार कळतो. रंगाचे थर काढल्याशिवाय माप घेऊ नका. त्यात शिसे असण्याची दाट शक्यता असते, म्हणून कोरडे घासू नका आणि जाळूही नका. रंग काढायचे रसायन वापरून ओल्यानेच काढा.

पॅटर्नच्या बाजूंना 1 ते 2 अंश उतार द्या, नाहीतर वाळूतून काढताना कडा फाटतात. आत वळलेल्या पानांसाठी सुटे भाग किंवा कोअर (साच्यात वेगळा बसवायचा वाळूचा गाभा) लागतो. जाड खांब आणि नाजूक वेल जिथे भेटतात तिथे कोपरा गोलसर ठेवा. तीक्ष्ण कोपऱ्यातच बीड तडकते.

आता पॅटर्नभोवती ठोकून साचा करायची वाळू, खरी कसोटी इथेच आहे. ओल्या वाळूत पाणी 5 ते 6 टक्के, माती 8 ते 12 टक्के आणि कोळशाची भुकटी सुमारे 5 टक्के असावी. मुठीत दाबून मोडली की कडा स्वच्छ तुटली पाहिजे. पाणी जास्त झाले की वाफ अडकून ब्लो होल, म्हणजे धातूत पोकळ छिद्रे, पडतात. कोळशाची भुकटी कमी पडली की वाळू धातूला चिकटते. पॅटर्नलगत फार ठोकली तर वायूला वाट मिळत नाही, सैल राहिली तर धातूच्या दाबाने साचा फुगतो. म्हणून तारेने हवेची भोके पाडा आणि साच्याच्या वरच्या पेटीवर वजन ठेवा. वजन कमी असेल तर ओतताना ती पेटी उचलली जाते.

कपोला भट्टीत (बीड वितळवायच्या उभ्या भट्टीत) कोक, पिग आयर्न (खनिजापासून काढलेले कच्चे लोखंड), भंगार आणि थोडी चुनखडी असे थर आलटून पालटून देतात. पातळ नक्षीसाठी धातू 1300 ते 1350 अंश सेल्सियसच्या आसपास ओता. थंड ओतला की दोन प्रवाह एकजीव होत नाहीत आणि कोल्ड शट (न जुळलेल्या सांध्याची रेघ) दिसतो. सिलिकॉन कमी असेल तर पातळ कडा पांढऱ्या व कडक होतात, तिथे ड्रिल चालत नाही. लाडल (वितळलेला धातू ओतायचे भांडे) आणि साच्याची तोंडे आधी पूर्ण कोरडी करा. लाडलमध्ये पाण्याचा थेंब राहिला तरी स्फोट होतो.

ओतलेला नग वाळूतच सावकाश निवू द्या. घाईने काढलात तर वेल आधी आकसते, खांब मागून, आणि जोड फाटतो.

फॉस्फरस जास्त असलेले जुने बीड पातळ नक्षीत छान पसरत असे, पण थंडपणी ठिसूळ असते. त्यामुळे उरलेल्या जुन्या भागाला वेल्डिंग करण्यापेक्षा नवा तुकडा बोल्टने किंवा कोल्ड स्टिचिंगने (न तापवता धातूच्या तुकड्यांनी सांधा शिवून) जोडा. बसवण्याआधी सर्व बाजूंनी, बोल्टच्या भोकांतही, प्रायमर लावा. जोडात पाणी राहिले तर गंज फुगतो आणि खालचा दगड फोडतो.